चाल घरी का परतत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅनडात जन्मलेली गायिका-गीतकार जोनी मिशेल हिचा ‘ब्लू’ हा अल्बम म्हणजे तुमचा जीव की प्राण. त्याच ओढीनं तुम्ही तिचा १९७५ चा ‘द हिसिंग ऑफ समर लॉन्स’ लावलात, तीनदा ऐकलात, आणि तिन्ही वेळा हाती काही लागलं नाही. मग वाचनात आलं की तो आला तेव्हा अमेरिकेतल्या समीक्षकांनीही त्याला झोडपलं होतं, आणि आज मात्र तिच्या उत्तम कामांत त्याची गणना होते. तेव्हाचे चुकले होते, आजचे उगाच डोक्यावर घेताहेत, की तुमच्याच कानात काही कमी आहे?

तुमच्या कानात काही कमी नाही, हे आधी सांगतो. तुम्हाला जे सापडलं नाही ते त्या अल्बममध्ये खरंच नाही. १९७५ च्या समीक्षकांनाही ते सापडलं नव्हतं आणि त्यांनी तसं लिहिलं. त्यांनी ऐकलं बरोबर. त्यावरून जो निकाल दिला तो मला पटत नाही. मी तीस वर्षं गिटार शिकवतो आणि जवळपास तितकीच वर्षं रेकॉर्डवर लिहितो. या अल्बमनं मला या दोन्ही कामांत बरंच शिकवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या वेळी लोकांची अपेक्षा काय होती ते बघू. ‘ब्लू’ १९७१ चा. एक आवाज, बहुतेक ठिकाणी एक गिटार किंवा पियानो, चार गाण्यांत मांडीवर घेऊन वाजवायचं ॲपलेशियन डल्सिमर हे तंतुवाद्य. बाई स्वतःबद्दल गातेय, तिचं प्रेम, तिचं एकटेपण, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ती समोर बसून फक्त आपल्यालाच सांगतेय. मग १९७४ च्या जानेवारीत ‘कोर्ट अँड स्पार्क’ आला. यात टॉम स्कॉटच्या ‘एल.ए. एक्स्प्रेस’ या बँडमधले जॅझ वादक होते. पण चाली गोड होत्या, ओठांवर बसणाऱ्या होत्या. त्यातलं ‘हेल्प मी’ हे गाणं बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं, अल्बम दुसऱ्या. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकानं समीक्षकांचा कौल घेतला, त्यात त्या वर्षीचा पहिला क्रमांक याच अल्बमला मिळाला. म्हणजे बँड आला, जॅझ आलं, आणि तरी कोणी नाक मुरडलं नाही. ‘जॅझकडे गेली म्हणून झोडपली’ असं सरसकट सांगतात, ते म्हणूनच मला अपुरं वाटतं. जॅझ जवळजवळ दोन वर्षं आधीच आलं होतं आणि त्याला हारतुरेही मिळाले होते.

पुढचा स्टुडिओ अल्बम, म्हणजे हाच ‘समर लॉन्स’, १९७५ च्या नोव्हेंबरात आला. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन संगीत-नियतकालिकात स्टीफन होल्डन यांनी त्यावर लिहिलं. त्यांचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगतो: शब्द अस्सल साहित्याच्या तोडीचे आहेत, पण ज्याला चाल म्हणावं असं इथे काही नाही, वादकांची जॅझ-रॉक धाटणी तिच्या मूळ स्वभावाच्या उलट आहे, तेव्हा आधी शब्द वाचा, मग रेकॉर्ड लावा. याच नियतकालिकानं वर्षाच्या शेवटी या अल्बमला ‘सर्वात वाईट नाव’ म्हणून टोमणा मारला. पुढे सांगोवांगी त्याचं ‘सर्वात वाईट अल्बम’ असं झालं, आणि आजही तसंच छापून येतं. टोमणा नावापुरता होता. शिवाय अल्बम पडलाही नव्हता. बिलबोर्डवर तो चौथ्या क्रमांकापर्यंत गेला आणि ग्रॅमीसाठी त्याला नामांकनही मिळालं. ‘जगानं धिक्कारलं, काळानं न्याय दिला’ ही गोष्ट सांगायला बरी वाटते, पण घडलेलं त्याहून गुंतागुंतीचं आहे.

होल्डन यांचं ‘चाल नाही’ हे वाक्य घ्या. ते खोटं नाही. तुम्हीही तेच म्हणताय. आता ते असं का ऐकू येतं ते बघू.

गिटारवर सा, ग आणि प एकत्र वाजवले की मेजर कॉर्ड होतो: प्रसन्न, उजेडाचा. ग कोमल केला की तोच कॉर्ड मायनर होतो, उदास. म्हणजे सुख की दुःख याचा निवाडा एकटा गंधार करतो. आता गंधार काढून घ्या आणि त्याच्या जागी मध्यम ठेवा: सा, म, प. हा सस्पेंडेड कॉर्ड. तो हसत नाही आणि रडतही नाही, नुसता तिष्ठत राहतो. वादकांच्या रिवाजात हा कॉर्ड आला की पाठोपाठ मध्यम गंधारावर उतरतो आणि कानाला हुश्श वाटतं. घरी गिटार किंवा हार्मोनियम असेल तर आत्ता वाजवून बघा. सा-म-प धरून ठेवा, दहा सेकंद थांबा, आणि मगच म सोडून ग वर या. त्या दहा सेकंदांत पोटात जी ओढ लागते, तिच्यावर जोनी मिशेलनं गाणीच्या गाणी उभी केली आहेत. ती अशा कॉर्डांना प्रश्नांचे कॉर्ड म्हणते.

हे तिनं १९७५ मध्ये एकाएकी सुरू केलेलं नाही. तिला नवव्या वर्षी पोलिओ झाला होता आणि डाव्या हाताची ताकद कमी झाली होती. गिटारचे नेहमीचे अवघड पकड असलेले कॉर्ड धरणं कठीण, म्हणून तिनं ताराच वेगळ्या लावल्या. आपल्याकडे रागात पंचम वर्ज्य असला की तानपुऱ्याची पहिली तार मध्यमावर उतरवतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ही कल्पना लगेच कळेल: तार बदलली की सगळी खोलीच वेगळी वाजते. तिनं असे पन्नासहून अधिक प्रकार वापरले. ‘अमीलिया’ या तिच्या १९७६ च्या गाण्यात सहा तारा सी-जी-सी-ई-जी-सी अशा लावलेल्या आहेत, म्हणजे सा-प-सा-ग-प-सा. मोकळी गिटार छेडली तरी कॉर्ड वाजतो, आणि एखाद-दुसऱ्या बोटानं असे सूर मिळतात की नेहमीच्या गिटारवर त्यासाठी हाताची कसरत करावी लागेल. असे प्रश्नांचे कॉर्ड तिच्या पहिल्या अल्बमपासून आहेत. मात्र तिथे एकटी गिटार असते. गिटार प्रश्न विचारते, आवाज उत्तर देतो, चाल तुम्हाला बोट धरून घरी आणते.

‘समर लॉन्स’मध्ये अख्खा बँड त्या प्रश्नावर बसून राहतो. बास षड्जावर येत नाही. कीबोर्ड म सोडत नाही. गाणं बोलण्याच्या लयीत पुढे जातं, ओळी कमीजास्त लांबीच्या, आणि ज्याची वाट बघावी असं ध्रुवपद फिरून येतच नाही. मुखडा-अंतरा-मुखडा यावर वाढलेला कान (तुमचा, माझा, होल्डन यांचा) समेची वाट बघत राहतो. सम येत नाही, आणि मग आपण म्हणतो, चालच नाही.

आता तो निकाल मला का मान्य नाही, याकडे येतो. ही गाणी कोणाबद्दल आहेत ते बघा. ‘ब्लू’मध्ये सगळीकडे ‘मी’ आहे. इथे बहुतेक ठिकाणी ‘ती’ आहे. शीर्षकगीतातली बाई डोंगरावरच्या ऐसपैस घरात राहते. तारेचं कुंपण, खिडकीतून दिसणारे पोहण्याचे निळे तलाव, हिरवळीवर फिरणारे पाण्याचे फवारे. त्या फवाऱ्यांचा हिस्स आवाज म्हणजेच अल्बमचं नाव. नवऱ्यानं दिलेलं सगळं आहे आणि ती तिथून निघत नाही. ‘ईडिथ अँड द किंगपिन’मध्ये गावातला दादा एका मुलीला निवडतो, आणि गाणं संपतं तेव्हा दोघं एकमेकांवर नजर रोखून असतात, नजर आधी कोण वळवणार हे कळत नाही. सुटका झालेली नाही, हारही झालेली नाही. या बायकांच्या गोष्टीला गोड चाल लावून दर चार ओळींनी षड्जावर आणून सोडलं असतं, तर गाणं खोटं बोललं असतं. त्या घरात बसून आहेत, पण ते घर त्यांचं नाही. चालही तशीच आहे.

यातला सर्वात उघड पुरावा ‘हॅरीज हाऊस’ या गाण्यात आहे. समीक्षकांनी त्याच्यापाशी थांबायला हवं होतं असं मला फार वाटतं. हॅरी हा कामानिमित्त न्यूयॉर्कला गेलेला सुखवस्तू माणूस, बायको घरी. संगीत तसंच तरंगतं, ट्रम्पेटचे सूर लांबून आल्यासारखे. मग हॅरीला बायको तरुणपणी कशी होती ते आठवतं, आणि अचानक गाण्याच्या पोटात दुसरंच गाणं सुरू होतं: ‘सेंटरपीस’, हॅरी एडिसन आणि जॉन हेंड्रिक्स यांचं जुनं जॅझ गाणं. हा बारा बारचा ब्लूज आहे (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट). दर बारा बारांनी आवर्तन पुरं होतं आणि चाल ठरल्या जागी घरी येते. जो सॅम्पल या वादकाचा पियानो मजेत चालतो, जोनी सुखानं गाते, संसाराची, घर मांडण्याची स्वप्नं. अल्बमभर जी चाल तुम्ही शोधत होतात ती इथे आहे, हातात ठेवल्यासारखी. आणि मग ती विरते. पुन्हा तेच तरंगणारं संगीत, आणि बायको हॅरीला सांगते की तुझं घर आणि तुझा पगार तुलाच लखलाभ.

म्हणजे गुणगुणता येणारी, घरी परतणारी चाल तिला येत नव्हती असं नाही. तिनं ती आठवणीसाठी राखून ठेवली. जुनं प्रेम चालीत आहे, आजचा संसार चालीबाहेर. ‘आधी शब्द वाचा, मग रेकॉर्ड लावा’ हा सल्ला याच ठिकाणी कोसळतो. कागदावर हे कळणारच नाही. कागदावर दोन गाण्यांचे शब्द एकाखाली एक दिसतील. घर हरवल्याचं कळतं ते सूर सुटतो तेव्हा.

होल्डन यांच्याबद्दल मला राग नाही, उलट आदर आहे. त्यांनी शब्दांचं मोल पहिल्याच फेरीत ओळखलं, संगीतात काय नाही तेही नेमकं सांगितलं. नव्या वळणाच्या अल्बमवर लिहिताना हात कसा बांधलेला असतो ते मला ठाऊक आहे. रेकॉर्ड हातात येते, थोडे दिवस मिळतात, आणि कानात आधीचा अल्बम वाजत असतो. काय नाही ते लगेच ऐकू येतं, कारण त्याची सवय असते. नवीन काय आहे त्याला अजून शब्दच नसतात. मी स्वतः असा अपराध केलाय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मराठी गायक-कवीनं पेटी-तबल्याची साथ सोडून जवळजवळ नुसत्या बास गिटारवर गाणी केली. मी ती दोन संध्याकाळी ऐकली आणि लिहिलं, ‘चाली लक्षात राहत नाहीत.’ तो लेख छापून आल्यावर चारेक महिन्यांनी, भाजी चिरताना, त्यातलीच एक ओळ माझ्या तोंडात आली. सुरासकट. त्या माणसाला मी नंतर भेटून सांगितलं. पण लेख वाचलेल्यांना कुठे गाठणार? तेव्हापासून कोणी शैली बदलली की मी अल्बम ऐकून झाल्यावर तीन आठवडे गप्प बसतो, आणि संपादक थांबायला तयार नसतील तर लिहीत नाही.

१९७५ च्या समीक्षकांकडून एक गोष्ट खरोखर निसटली, आणि तीही सांगायला हवी, कारण या अल्बमचे आजचे भक्तसुद्धा तिच्यावरून भरभर पुढे जातात. दुसरं गाणं ‘द जंगल लाइन’. त्यात बुरुंडीच्या ढोलवादकांचं १९६० च्या दशकातलं फ्रेंच ध्वनिमुद्रण घेऊन त्याचा तुकडा गाण्याखाली फिरवत ठेवलाय. वर ‘मूग’ या इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझरची घरघर, गिटार आणि आवाज. सॅम्पलिंग हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मी ही रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली ती चोर बाजारातून आणलेली जुनी प्रत, आणि हे गाणं लागल्यावर मी सुई उचलून खाली काही अडकलंय का ते पाहिलं होतं, इतका तो आवाज बाकी सगळ्याहून वेगळा. ध्वनी म्हणून ते अफाट धाडस आहे. पण गाण्यात आफ्रिका म्हणजे जंगल, साप, आदिम ओढ, आणि मुखपृष्ठावर जोनीनं स्वतः काढलेल्या चित्रातही शहराच्या पार्श्वभूमीवर भला मोठा साप वाहून नेणारी काळी माणसं. फ्रेंच चित्रकार आंरी रूसो हा त्या गाण्याचा धागा आहे, आणि रूसोनं तरी जंगल कुठे पाहिलं होतं. तो फ्रान्सबाहेर कधी गेलाच नाही. शहरी माणसाच्या डोक्यातलं जंगल हाच विषय आहे असं म्हणता येतं, आणि मी बराच काळ तसं म्हणायचो. आज मला तो बचाव अर्धाच पटतो. ढोल खरे आहेत, वाजवणारी माणसं खरी आहेत, आणि गाण्यात ती कोणाच्या तरी कल्पनेचं सामान होऊन राहतात. समीक्षक चालीवरून भांडत बसले. भांडायचं होतं ते यावरून.

आता ‘काळानं न्याय दिला’ या भागाबद्दल. अमेरिकन पॉप गायक प्रिन्सनं १९८५ मध्ये, आणि तेही ‘रोलिंग स्टोन’लाच, सांगितलं की सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवडलेला शेवटचा अल्बम म्हणजे ‘द हिसिंग ऑफ समर लॉन्स’. जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकनं २००७ मध्ये तिच्या गाण्यांवर ‘रिव्हर: द जोनी लेटर्स’ केला, त्यात ‘ईडिथ अँड द किंगपिन’ गायिका टीना टर्नरनं गायलंय, आणि त्या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. टीना टर्नरचं ते गाणं ऐका. आवाज जाडसर, संथ, आणि चाल अगदी स्पष्ट. ‘चाल नाही’ म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगलं उत्तर मला देता येणार नाही. चाल तिथेच होती, आपला कान तिच्यापर्यंत पोचायचा होता. हा न्याय आधी वादकांनी दिला, समीक्षक मागून आले, हेही लक्षात घ्या.

पण म्हणून प्रत्येक बदल नंतर महान ठरतो असं मुळीच नाही. जोनीचंच उदाहरण पुरे. चार्ल्स मिंगस या जॅझच्या थोर बासवादकानं आजारपणात तिच्यासाठी चाली लिहिल्या. १९७९ च्या जानेवारीत तो गेला, आणि जूनमध्ये तिचा ‘मिंगस’ आला. वेन शॉर्टर, हॅनकॉक, जॅको पास्टोरियस असे वादक. त्यावर पॉपवाले आणि जॅझवाले दोघंही नाराज झाले. ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ मला आजही हलवतं, पण अल्बम म्हणून तो विस्कळीत आहे. दुसऱ्याच्या चालीत तिचे शब्द मला दाटीवाटीनं बसलेले वाटतात. आणि १९८५ चा ‘डॉग ईट डॉग’ घ्या. सिंथेसायझरवाला थॉमस डॉल्बी सोबतीला, यंत्रांचे ठोके, सिंथेसायझरच्या भिंती. तेव्हा टीका झाली आणि मी चाळीस वर्षांनंतरही टीकाकारांच्या बाजूनं आहे. ‘समर लॉन्स’मध्ये बदललेला आवाज गोष्टीतून आला होता. ‘डॉग ईट डॉग’मध्ये तो वर्ष पाहून आलाय. हॅरीच्या बायकोसाठी त्या तरंगत्या कॉर्डांशिवाय दुसरा आवाज मला सुचत नाही. ‘डॉग ईट डॉग’मधले ठोके मात्र त्या वर्षी कोणाच्याही अल्बमवर चालले असते.

१९७४ च्या थेट मैफलींचा तिचा ‘माइल्स ऑफ आइल्स’ नावाचा अल्बम आहे. त्यात प्रेक्षक जुन्या गाण्यांसाठी ओरडतात, तेव्हा ती हसून सांगते की चित्रकार एक चित्र काढतो आणि ते संपतं. व्हॅन गॉगला कोणी ‘ती ताऱ्यांची रात्र पुन्हा एकदा काढ’ असं म्हटलं नव्हतं. मग ती जुनं गाणं गाते. सगळ्यांना सोबत गायला लावते. पुढच्या वर्षी काय येणार आहे ते तिला बहुधा दिसत होतं.

तेव्हा तुम्ही चौथ्यांदा ऐकणार असाल तर पहिल्या गाण्यापासून सुरू करू नका. पहिलं गाणं चांगलं आहे, पण ते ‘कोर्ट अँड स्पार्क’च्या वाटेवरचं आहे आणि चुकीचं आश्वासन देतं. थेट ‘हॅरीज हाऊस’ लावा, हेडफोन घालून, शब्द समोर न ठेवता. ‘सेंटरपीस’ सुरू होईल तेव्हा पायानं ठेका धरा. तो सुटेल तिथे पाय काय करतो ते बघा. मग त्याच दिवशी ‘ईडिथ’ टीना टर्नरच्या आवाजात ऐका, नंतर जोनीच्या. एवढं करून आठवडाभर अल्बम बंद ठेवा. आणि तरीही तो तुमचा झाला नाही तर ‘ब्लू’कडे परत जा, मनात काही किंतू न ठेवता. ‘हिजिरा’ मात्र त्याआधी एकदा ऐकाच. तो १९७६ चा, म्हणजे याच्या पुढच्याच वर्षीचा. तिथे ‘मी’ परत आलाय, गिटार पुन्हा पुढे आहे, आणि जॅकोचा बास षड्जाच्या आसपास नुसता पोहत असतो. माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांना ‘समर लॉन्स’चं दार त्या बाजूनं उघडलंय.